गोठ्यातली टू-सीटर

एखाद्याला एखाद्या गाडीचं वेड लागलं की गाडी मिळायच्या आधी किस्सेच गोळा व्हायला लागतात. गाडी बिचारी एका जागी उभी असते. हा माणूस गावभर फिरतो, जिथे जातो तिथे काहीतरी घोळ घालतो, आणि घोळाला साक्षीदार म्हणून मित्रांना बरोबर नेतो. आमच्या मिलिंदने आम्हाला इतक्या ठिकाणी नेलंय की आता आम्ही चौघं एकत्र बसलो की दुसरा विषयच निघत नाही.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी तळेगावात दातांचा डॉक्टर. मिलिंद लोणावळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. नीलिमा त्याची बायको, बँकेत आहे, आणि आमच्यात अक्कल असलेली ती एकटीच आहे असं तिचं स्वतःचं मत आहे. चौथा बबन. कामशेतला जुन्या हायवेवर त्याचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे जमतो. चहा येतो, जुन्या गाड्यांच्या गप्पा होतात, आणि बबन जगातल्या प्रत्येक इंजिनाबद्दल छातीठोकपणे काहीतरी सांगतो. त्यातलं निम्मं खोटं निघतं, पण आवाज असा खणखणीत की ऐकताना खरंच वाटतं.

मिलिंदला हवी होती ती एक इंग्लिश टू-सीटर. हिरवी, टप उघडणारी, लांब बॉनेटची, जमिनीला टेकलेली. तो शाळेत असताना लोणावळ्यातल्या एका बंगल्यात एक म्हातारे साहेब राहायचे, त्यांच्याकडे ती होती. एकदा वलवण धरणाजवळ मिलिंदच्या सायकलची चेन तुटली. साहेबांनी सायकल डिकीच्या झाकणावर आडवी बांधली, पोराला शेजारी बसवलं आणि घरी सोडलं. गाडी इतकी बुटकी की रस्त्याने चाललेलं एक कुत्रं मिलिंदच्या डोळ्यात डोळे घालून बघत होतं म्हणे. घरी पोचल्यावर सायकल उतरवली तेव्हा कळलं की पेडल टेकून डिकीच्या झाकणाला खड्डा पडलाय. साहेब काही बोलले नाहीत. पुढे साहेब परदेशी गेले, बंगला विकला गेला आणि गाडीचं काय झालं कुणालाच कळलं नाही.

तेव्हापासून हा त्या गाडीच्या मागे आहे. तसलीच दुसरी चालणार नाही, हीच पाहिजे! लग्नाआधी त्याने नीलिमाला याची स्पष्ट कल्पना दिली होती. तिला वाटलं, होईल कमी हळूहळू.

*

पहिला किस्सा उर्से टोलनाक्याचा.

मी आणि मिलिंद पुण्याहून एक्स्प्रेसवेने परत येत होतो. गाडी त्याची, चालवणारा तोच. पुढे एक ट्रेलर चालला होता आणि त्यावर ताडपत्रीखाली काहीतरी बांधलेलं होतं. बुटकं. पुढून लांब, मागून आखूड. मिलिंद बोलता बोलता गप्प झाला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, आता मेलो.

ट्रेलर पळत होता, आम्ही त्याच्या मागे. टोलनाका आला तसा ट्रेलर डावीकडच्या लेनमध्ये घुसला. मिलिंदनेही स्टिअरिंग डावीकडे टाकलं. माझ्या खिडकीला लागून एक टेम्पो होता. अगदी लागून! मी इतक्या जोरात ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, आमच्या आरशाला त्याचा पत्रा घासला आणि मग त्याने खिडकीतून डोकं काढून आम्हा दोघांच्या घराण्याची सविस्तर चौकशी केली.

तरी टोल ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन हा माणूस त्या ट्रेलरकडे धावला. हातापाया पडून ड्रायव्हरला ताडपत्री उचलायला लावली. आत फायबरची गुलाबी गाडी होती. नवरदेवाला मांडवात न्यायची. दोन्ही बाजूंना हंस, हंसांच्या मानेला लाइटच्या माळा.

ड्रायव्हरने आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "लग्न कुणाचंय? तुमचं का ह्यांचं?"

आम्ही पोट धरून हसलो. मग टपरीवर चहा घेताना मी त्याला झापलं. एवढा मोठा टेम्पो दिसत नाही का तुला? तो म्हणाला, "नाही दिसला. खरंच नाही दिसला."

मग त्याने सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं आणि उजवाही फार दिवस साथ देईल असं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. दिवसा, जपून, ओळखीच्या रस्त्याने चालवा, एक्स्प्रेसवेवर नको, आणि प्रत्येक तपासणीनंतर पुढचं ठरवू, असं सांगितलं होतं. गेलेलं परत येत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मला आधी त्याचा राग आला, मग फार वाईट वाटलं. आयुष्यभर एका गाडीची वाट पाहायची, आणि गाडी सापडायच्या आधी चालवायचे दिवसच संपायचे! उरलेला रस्ता मी गाडी चालवली. त्या दिवसापासून आमचा शोध नुसती गंमत राहिला नाही.

*

त्यानंतर आम्ही चौघंही कामाला लागलो. माझ्याकडे येणारा पेशंट तोंड उघडून पडलेला असतो, त्याला उत्तर देता येत नाही, पण मी विचारायला लागलो. हिरवी गाडी, बुटकी, दोन सीटांची, कुठे पाहिलीय का? लोक मानेनेच नाही म्हणायचे. एक ट्रेकर मात्र चूळ भरून उठला आणि म्हणाला, लोहगडवाडीत एका टपरीवर तसल्या गाडीचं बॉनेट आहे. छप्पर म्हणून टाकलंय.

नुसतं बॉनेट! म्हणजे बाकीची गाडी भंगारात गेली. मिलिंदला हे सांगायचं कसं, यावर मी आणि बबनने बराच खल केला. शेवटी नीलिमाने एका वाक्यात सांगून टाकलं आणि आम्हाला गाडीत बसवलं.

लोहगडवाडीत रविवारची गर्दी होती. टपरीच्या मागे चुलीवर आडोसा म्हणून खरंच एक बॉनेट टाकलेलं होतं. हिरवं. लांब. धुराने काळवंडलेलं. मिलिंद त्याच्याजवळ गेला आणि कडेवरून हात फिरवत उभा राहिला. आम्ही तिघं मागे. एखाद्याला शवागारात ओळख पटवायला नेतात ना, तसं झालं होतं.

टपरीवाल्या बाईंनी झारा कढईवर आपटला. "भजी घ्या न्हाईतर बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मिलिंद वळला. त्याचे डोळे पाणावले होते आणि तो हसत होता. "ही नाही," म्हणाला. "ही जीपबीप काहीतरी आहे."

मग आम्ही भजी घेतली. इतकी घेतली की बाईंचा राग गेला, आणि एवढं काय त्या पत्र्यात बघत होता म्हणून त्यांनीच चौकशी केली. मिलिंदने गाडीचं वर्णन केलं. बाई भजी सोडता सोडता म्हणाल्या, "बसकी? दोन माणसांची? मळवलीला माझ्या नणंदंच्या गोठ्यात हाय की. कवाची हाय."

बबनच्या हातातली भजी खाली पडली. तो म्हणतो पडली नाही. पडली.

*

मळवलीत स्टेशनच्या पलीकडे फार्महाऊसच्या भिंती संपल्या की भाताची खाचरं लागतात. तिथे त्या नणंदेचं, म्हणजे सोनामावशींचं घर. मावशी साठी कधीच ओलांडलेल्या, काटक, कमी बोलणाऱ्या. मुलगा दत्ता तीन-चार फार्महाऊसची देखभाल करतो. मावशींचे यजमान त्या म्हाताऱ्या साहेबांकडे माळी होते, ड्रायव्हरही होते. साहेब जाताना गाडी त्यांना देऊन गेले. कागद त्यांच्या नावावर रीतसर झाले होते, त्यामुळे तो घोळ नव्हता.

गोठ्यात एका बाजूला एक बैल बांधलेला, दुसऱ्या बाजूला पेंढ्याच्या आडोशाला गाडी. वर गोधडी. दत्ताने गोधडी ओढली आणि खालून हिरवा रंग दिसला. बॉनेटवर गेरूचे हात उमटवलेले होते, पुढच्या दिव्यांभोवती हिंगूळ, आरशाला गोंडा.

मावशी म्हणाल्या, पोळ्याला बैलाला रंगवतो तेव्हा हिलाही रंगवतो. यजमान होते तेव्हापासूनची पद्धत. दारातलं एक जनावर सजवायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, हे बरं दिसत नाही.

बबन बॉनेटकडे धावला, मी चाकांकडे. गंज म्हणजे पत्र्याची कीड, माझा धंदाच तो. कीड होती, पण मुळापर्यंत गेलेली नव्हती. मिलिंद मात्र थेट मागे गेला. डिकीच्या झाकणावर त्याने तळहात ठेवला आणि हळूहळू सरकवला. एका जागी हात थांबला.

"हा खड्डा माझा आहे," तो म्हणाला आणि तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला.

मावशींनी पाणी आणून दिलं. तो पाणी प्यायला, सगळी हकिकत सांगितली, आणि गाडी विकत मागितली. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणाच्या दारात जायची, ते बगितल्याबिगर आमी जनावर देत न्हाई. तुमचा गोठा बगाया यीन मी."

मिलिंद राहतो दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

*

हे झालं त्याच आठवड्यात दत्ताचा बबनला फोन आला. तसा मुलगा सरळ आहे, त्याने लपवलं नाही. एका रिसॉर्टवाल्याला गाडीचा पत्ता लागला होता आणि तो क्रेन घेऊनच येत होता. पैसेही मिलिंदपेक्षा बरेच जास्त देणार होता. दत्ताचा कल तिकडे होता, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आईचा होकार बाकी होता.

मी दवाखाना अर्धवट टाकून निघालो. मिलिंद प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघाला. कामशेतला बबनला उचललं आणि मळवलीला पोचलो तर क्रेन दारात उभी! रिसॉर्टवाला पांढऱ्या शर्टात, गाडीचे फोटो काढत होता. माणूस गोड बोलणारा. मावशींना सांगत होता की गाडीला काहीसुद्धा त्रास नाही. बागेत ठेवणार, बॉनेट काढून आत फुलझाडं लावणार, रंगीत लाइट सोडणार, लोक शेजारी उभे राहून सेल्फी काढतील. बाहेर पाटी लावू, तुमच्या यजमानांचं नावही घालू.

मिलिंद कोपऱ्यात उभा होता.

मावशींनी रिसॉर्टवाल्याला एकच विचारलं, चालवणार का?

तो हसला. मावशी, आता कुठे चालायची ती? शोभेला ठेवणार.

"बैल शोभंला ठेवत्यात व्हय?" मावशी म्हणाल्या आणि आत भाकरी टाकायला निघून गेल्या.

दत्ता आणि रिसॉर्टवाला बराच वेळ बाहेर बोलत होते. क्रेन गेली, पण तो गाडीत बसता बसता दत्ताला म्हणाला की सोमवारी परत येतो, आईंना समजाव. रविवारी मावशी लोणावळ्याला गोठा बघायला येणार होत्या. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर आलं.

*

त्या रविवारच्या आधी आमच्यापुढे प्रश्न होता तो गोठ्याचा. मिलिंदच्या वाट्याचं पार्किंग एका खांबाच्या आणि पाण्याच्या मोटरीच्या मधे आहे. बबनने सुचवलं की माझा तळेगावचा बंगला मिलिंदचा म्हणून दाखवायचा. पोर्च आहे, गेट आहे, झाडं आहेत. मी तयार होतो. पाटीवर माझं नाव आहे, ती काढून ठेवायची तयारीही मी केली होती. नीलिमा म्हणाली, "त्या बाईंना फसवून आणलेली गाडी माझ्या दारात नको." विषय संपला.

मग आम्ही पार्किंग धुतलं. मोटरीच्या पाइपातून पाणी गळत होतं, ते बंद केलं. बबनने खांबाला रबर गुंडाळलं.

मावशी दत्ताबरोबर आल्या. इरकली लुगडं नेसून, अगदी लग्नाला निघाल्यासारख्या. वर यायच्या आधी त्या पार्किंगमध्ये गेल्या. भिंतीला हात लावून ओल बघितली. वारं कुठून येतं ते उभं राहून बघितलं. शेजारच्या गाडीवाल्याचं दार उघडलं तर लागेल का, ते दत्ताला उघडून दाखवायला लावलं असतं, पण गाडी कुलूपबंद होती. आम्ही चौघं रांगेत, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

वर आल्यावर चहा झाला. मावशी मिलिंदकडेच बघत होत्या. दत्ता त्याच्या डाव्या हाताला बसला होता. दत्ता बोलला की मिलिंद अख्खी मान वळवून बघायचा. नीलिमाने डावीकडून बिस्किटांची बशी पुढे केली, ती त्याला दिसलीच नाही.

मावशींनी कप खाली ठेवला. "मास्तर, डोळं कसं हायेत तुमचं?"

आमच्या बैलाचा एक डोळा गेला तेव्हा तोही अशीच मान वळवायचा, असं त्या सावकाश म्हणाल्या.

मी मिलिंदकडे बघितलं. अरे, सांग ना, थोडा त्रास आहे, औषध चालू आहे, होईल बरं! मी डॉक्टर आहे, मी दुजोरा दिला असता. दातांचा का होईना!

"डावीकडचं कमी दिसतं, मावशी," मिलिंद म्हणाला. "पुढे अजून कमी होणार आहे. आत्ता चालवू शकतो. किती दिवस, ते मला माहीत नाही."

गेली गाडी, असं मला वाटलं. बबनने खिडकीकडे तोंड फिरवलं. आंधळा होत जाणाऱ्या माणसाच्या दारात कोण जनावर देईल? दत्ता आईकडे बघत होता, आणि त्याच्या मनात सोमवार होता हे स्पष्ट दिसत होतं.

मावशींनी उरलेला चहा संपवला. कप विसळायला स्वतः उठायला लागल्या, तेव्हा नीलिमाने घाईने तो घेतला.

"मग लवकर न्या," मावशी म्हणाल्या.

आणि मग त्यांनी एक अट घातली. गाडी उभी करून ठेवायची नाही. यजमान गेल्यावर त्यांच्या हातून तेवढी चूक झाली, उभं राहून राहून जनावर कुजलं. मिलिंदला चालवता येईल तोवर त्याने चालवायची, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी चालवणाऱ्याच्या दारात द्यायची. मिलिंदने नुसती मान हलवली.

*

गाडी न्यायच्या दिवशी दत्ताचा निरोप आला. येताना दोरी तुमची आणा.

आम्हाला वाटलं, टो करायला. बबन ट्रॅक्टर ओढायची लोखंडी साखळी घेऊन आला. मावशींनी साखळी बघितली आणि दारातच अडवलं. जनावर साखळीने नेत नाहीत. मग बबन कामशेतच्या बाजारात परत गेला आणि जाड सुती कासरा घेऊन आला. मावशींनी त्याला हळदीकुंकू लावलं, गाडीच्या पुढच्या बाजूला स्वतः गाठ मारली, आणि किल्ली स्विचमधून काढून कनवटीला खोचली.

मिलिंद हात पुढे करून उभा होता.

"दावं आमी देत न्हाई," मावशी म्हणाल्या. "जनावर दिलं तरी दावं आपल्या घरात ऱ्हातं. घेणाऱ्यानं आपलं आणायचं."

आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांच्या लेखी किल्ली म्हणजे त्या गाडीचं दावं, बांधायची दोरी! बबन भडकला. किल्लीशिवाय गाडी म्हणजे काय, मूळ स्विच मिळणार नाही, असं बरंच काही म्हणाला. मिलिंदने त्याला गप्प केलं, मावशींना वाकून नमस्कार केला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला. कासऱ्याचं दुसरं टोक बबनच्या जीपला बांधलं.

तिथून मळवलीचं रेल्वे फाटक लांब नाही. जीप रुळांपलीकडे गेली, टू-सीटरची पुढची चाकं रुळांवर आली आणि कासरा तुटला.

गाडी तिथेच उभी राहिली. जमिनीला टेकलेली गाडी, तिचं पोट रुळाला अडकलेलं. फाटकवाला केबिनमधून ओरडत बाहेर आला, लोकलची वेळ झालीय! मी आणि दत्ता मागून जोर लावत होतो, गाडी हलत नव्हती. मिलिंद आत बसून स्टिअरिंग घट्ट धरून. त्याला मी उतर म्हणून ओरडलो. तो उतरला नाही. फाटक उघडं असेपर्यंत सिग्नल पडत नाही, हे मला डोक्याने माहीत होतं, पण लांबून लोकलचा भोंगा ऐकू आला की डोकं चालत नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी खांदा लावला. मावशी. पदर खोचून. निरोप द्यायला म्हणून मागून चालत आल्या होत्या. बैलाला चढावर देतात तशी त्यांनी हाळी दिली, आम्ही सगळ्यांनी एकदम जोर केला, आणि गाडी खरवडत पलीकडे गेली.

लोकल सिग्नलला उभी होती. दारात लटकलेले लोक टाळ्या वाजवत होते. फाटकवाल्याने घाम पुसत मिलिंदला विचारलं, "साहेब, चालूच होत न्हाई तर घेतली कशाला?"

*

बबनने ती चालू केली. किती महिने लागले, किती वेळा त्याने छातीठोकपणे उद्या सांगितलं, ते सोडून देऊ. नवा स्विच बसवला, नवी किल्ली केली. गेरूचे हात मिलिंदने पुसू दिले नाहीत.

पहिल्या फेरीला मी डावीकडच्या सीटवर बसलो. तेव्हापासून ती जागा माझीच. मिलिंद उजवीकडचं आणि समोरचं बघायचा, मी डावीकडचं सांगायचो. टेम्पो. सायकल. म्हशी. परत म्हशी. जुन्या हायवेने, सकाळच्या उजेडात, सावकाश. मला भीती वाटायची आणि मी रविवारची वाटही बघायचो. वलवण धरणाजवळून गेलो तेव्हा तो गाणं म्हणत होता. त्याचा आवाज वाईट आहे, हे एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं.

मळवलीला मावशींना दाखवायला गेलो, नीलिमा बबनच्या जीपमधून मागोमाग. मी उतरलो, नीलिमाने मावशींना माझ्या जागी बसवलं. आयुष्यभर त्यांनी गाडी धुतली होती, सजवली होती, बसल्या कधीच नव्हत्या. मिलिंदने खाचरांच्या कडेने चक्कर मारून आणली. मावशींचा पदर उडाला, त्यांनी तो सावरला नाही.

उतरताना त्यांना हात द्यावा लागला. "लय खाली बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "आमचं मालक कदी बोललं न्हाईत." आणि घरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

*

शेवटचा किस्सा अगदी परवाचा आहे.

यंदाचा पोळा झाला. मावशींनी येऊन गाडीला नवे हात उमटवले. त्याच आठवड्यात मिलिंदची पुण्याला तपासणी होती. मी फोन केला नाही. त्यानेही केला नाही.

संध्याकाळी तो दवाखान्यात आला. अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर पेशंट बसले होते, तरी मी त्याला आत घेतलं. तो सरळ खुर्चीत जाऊन पडला. मी दिवा लावला, दात बघितले. दातांना काही झालेलं नव्हतं. आम्ही कॉलेजच्या नव्या प्रिन्सिपॉलबद्दल बोललो. बबनने एका माणसाला चुकीचं इंजिन विकलं त्याबद्दल बोललो. तुझा पोर्च पावसात गळतो का रे, असं त्याने मधेच विचारलं. मी म्हटलं, नाही.

मग तो उठला. दाराच्या चौकटीला हात लावून थांबला.

"रविवारी ये," म्हणाला. "आणि येताना दोरी तुझी आण."

तो जिना उतरेपर्यंत मी दारात उभा होतो. बाहेरच्या पेशंटना म्हटलं, जरा वेळ बसा.